सपाट खुंट

उलांगबरोबर मी एकोणीस वर्षं जंगलात रेषा कापल्या. मोजणीवाल्यांना दुर्बिणीतून समोरचं निशाण दिसावं म्हणून गचपणातून सरळ वाट काढायची, तिला आम्ही रेषा म्हणत असू. साहेब ती नकाशावर पेन्सिलीने ओढत, आम्ही डोंगरावर कोयत्याने. धडधाकट माणूस चिवारीच्या, म्हणजे बारीक बांबूच्या, रानात दिवसाला तीनशे मीटर कापतो. उलांग दोनशे कापायचा. मुकादम त्याला शिंपी म्हणत असे.

कोयत्याने चिवारी तोडली की मागे तिरपा खुंट राहतो. हात वरून खाली येतो, त्यामुळे घाव सरळ बसत नाही. बोटाएवढा जाड, गुडघ्याएवढा उंच, वरून टोकदार. चढताना तो दिसतो. उतरताना पाय घसरला की माणूस त्याच्यावर बसतो. उलांग चिवारी वाकड्या करवतीने कापायचा, घोट्याच्या खाली, जमिनीला समांतर. कोयत्याचा एक घाव, करवतीच्या तीन ओढी. बारीक काड्यांना छाटणीची कात्री. त्याने कापलेल्या रेषेवरून अनवाणी चालता येई.

पहिल्यापासून तो असा नव्हता. चोवीस वर्षांचा होता तेव्हा आमच्यासारखाच कोयता चालवायचा. त्या वर्षी एका ओल्या उतारावर त्याचा पाय निसटला आणि एक खुंट गमबुटातून आरपार पोटरीत गेला. मी त्याला पाठीवर घेऊन दोन दिवस उतरलो. पाय वाचला, पण तो जरासा ओढत चालू लागला तो कायमचा. तो खुंट मी कापलेला होता. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

नोकरी संपल्यावर उलांग गावी राहून आल्याची लागवड करू लागला. बायको लवकर गेली होती, मुलगी शहरात. घरात तो आणि त्याची आई पुनी. पुनी चौऱ्याहत्तर वर्षांची, ठेंगणी, तोंडाची फटकळ. तिचा जन्म वरच्या गावातला. ती आठ वर्षांची असताना जपानी पोलिसांनी आमच्या सगळ्या लोकांना डोंगरावरून खाली नदीकाठी आणून बसवलं. त्याच्या महिनाभर आधी तिची आई वारली होती. तेव्हा आमच्यात माणूस गेलं की त्याला घरातच जमिनीखाली पुरत आणि वर पाटीचा दगड बसवून त्याच घरात राहत. त्यामुळे पुनीची आई तिथेच राहिली आणि पुनी खाली आली. सहासष्ट वर्षांत ती परत गेली नव्हती. आधी बंदी होती, मग पोरं, मग शेत.

दोन हजार दोन सालच्या शरदात डॉक्टरांनी सांगितलं की हिवाळ्यात गुडघा बदलावा लागेल. पुनी घरी आली आणि म्हणाली, "गुडघा बदलला की डोंगर संपला. आधी मला वर ने."

दुसऱ्या दिवशी उलांग माझ्याकडे आला. "तिआंग, जपानी पोलिसांच्या जुन्या रस्त्याने दोन दिवस. पुढे सोंडेवर सातशे मीटर नुसतं गचपण. तू येतोस?"

"कापायला की उचलायला?"

"कापायला. उचलायची वेळ आली तर आपण चुकलो."

उलांगचा पुतण्या नाबू आपणहून आला. अडतीस वर्षांचा, ट्रक चालवणारा, बैलासारखा दणकट. कमरेला आजोबांचा कोयता, एका बाजूने उघड्या लाकडी म्यानात. उलांगच्या हातातली करवत बघून तो काकाला म्हणाला, "तामा, ही पेरूच्या झाडाची करवत आहे."

"पेरूचं झाड कुणाच्या पोटरीत घुसत नाही," उलांग म्हणाला.

खरेदीला आम्ही पुनीला घेऊन तालुक्याच्या गावी गेलो. दुकानाच्या मालकिणीने तिला खाली बसवलं आणि डोंगर चढायचे चामडी बूट काढले. उलांगने हातही लावला नाही.

"पहिल्या ओढ्यात भिजतील, चार दिवस वाळणार नाहीत. गमबूट दाखवा."

"अहो, आईंना डोंगरात नेताय ना? गमबूट शेतात घालतात."

"मग डोंगरात काय लग्नाला चाललेय मी?" पुनी म्हणाली. "दाखव बाई तो म्हणतो ते. नाहीतर संध्याकाळ करेल इथे."

उलांगने गमबुटाचे चार जोड उलटे करून तळ बघितले. अंगठ्याचं नख रबरात दाबायचा. खूण उठली नाही की जोड बाजूला.

"तो टिकाऊ आहे, दहा वर्षं जाईल," मालकीण म्हणाली.

"सहा दिवस जायचा आहे. मला टिकणारा नको, धरणारा हवा." कडक रबर ओल्या दगडावर साबणासारखं सरकतं.

एक जोड नखाला पटला. उलांगने एक नंबर मोठा घेतला, आईला दोन मोजे चढवायला लावले, उकिडवं बसवलं, उठवलं, आणि मग दुकानाच्या माळ्याच्या जिन्यावरून खाली उतरायला लावलं. तिसऱ्या पायरीवर तिची बोटं पुढे आपटली. पुन्हा वर. आणखी अर्धा नंबर मोठा, आत लोकरीच्या नमद्याचा तुकडा. चार वेळा जिना झाला. गिऱ्हाइकं बघत उभी होती.

"डोंगर इथेच करून घे," पुनी म्हणाली. "वर जायला नको मग."

हातमोज्यांवर जास्त वेळ गेला. वेताचे काटे आकड्यासारखे असतात, आत गेले की मागे येत नाहीत. वेल्डिंगचे चामडी मोजे काटे अडवतात, पण पुनीला त्यात मूठ मिटता येईना आणि मूठ मिटत नसेल तर फांदी धरता येत नाही. उलांगने साधे सुती मोजे घेतले, घरी जाऊन तळव्यांवर बकऱ्याचं कातडं शिवलं. पॅन्ट नातीची जुनी शाळेची, गुळगुळीत कापडाची, कारण जाड कापड काट्यात अडकतं आणि भिजलं की दोन किलो होतं. हाताला तिच्याच, शेतात घालायच्या फुलाफुलांच्या सुट्या बाह्या. डोक्याला टोपी नाही, फडकं. टोपीची कड प्रत्येक फांदीला लागते. पॅन्टचे पाय मोज्यात, मोजे बुटात, बुटाच्या तोंडावर ट्यूबचं रबर, म्हणजे जळवा आत जात नाहीत. डोळ्यांना गवत कापणाऱ्यांचा तारेच्या जाळीचा चष्मा. काचेवर वाफ धरते आणि माणूस चष्मा काढतो, आणि चिवारीचं टोक नेमकं तेव्हाच येतं.

पुनीने तो चष्मा घालून बघितला. "खुराड्यातून बघतेय असं वाटतं."

"खुराड्यातल्या कोंबडीचे डोळे शाबूत असतात, चिना."

"आणि मान?"

यावर उलांगही हसला. आईशी, त्याच्या चिनाशी, बोलताना तो क्वचित हरायचा, पण हरला की कबूल करायचा.

नाबूच्या पाठपिशवीला बाहेरून कप, चपला, दोरी आणि कंदील लटकत होते. उलांगने सगळं काढून आत कोंबलं आणि वरून खताचं पोतं चढवून शिवलं. नाबू म्हणाला, "आता मी खतवाला दिसतो."

"लटकलेली प्रत्येक वस्तू एकेक फांदी धरते. सातशे मीटरमध्ये सातशे वेळा मागे वळशील."

पोलीस चौकीतून डोंगरात जायचा सात दिवसांचा परवाना मिळाला, सोमवार ते रविवार. दोन दिवस जायचे, दोन यायचे, मधले तीन कापायला आणि घरासाठी. उलांगने हिशोब करून एक दिवस हाताशी ठेवला होता.

सोमवारी पहाटे पुनीच्या अंगणात जमलो. निघण्याआधी प्रत्येकाने रात्रीचं स्वप्न सांगायचं, ही आमची रीत. वाईट स्वप्न घेऊन कुणी रानात पाय ठेवत नाही. उलांगला काही पडलं नव्हतं. मला मासे दिसले होते. नाबू म्हणाला, "ट्रकचं पुढचं चाक निखळलं आणि दरीत गेलं. मी स्टिअरिंग धरून बसलेलो."

पुनीने पाठीवरची पिशवी खाली ठेवली. "आज नाही."

"हुदास, मला रोज ट्रकचीच स्वप्नं पडतात," नाबू आजीला म्हणाला.

"मग रोज घरी बसत जा."

"खोटं सांगितलं असतं तर बरं झालं असतं," नाबू माझ्याकडे बघून पुटपुटला. पण त्याने खोटं सांगितलं नव्हतं आणि आम्ही कुणी त्याला तसं करायला लावलंही नसतं. हाताशी ठेवलेला दिवस गेला. नाबूने तो स्वतःच्या डोक्यावर घेतला. दिवसभर तो अंगणात कोयत्याला धार लावत बसला.

मंगळवार, बुधवार जुन्या रस्त्याने गेलो. पुनी पुढे, उलांग तिच्या एक पाऊल मागे. ती तासाला दहा मिनिटं बसायची, न सांगता. बुधवारी संध्याकाळी सोंडेच्या पायथ्याला ओढ्याकाठी ताडपत्री बांधली. वर बघितलं तर रान भिंतीसारखं. खाली वेत आणि अंगाची आग करणारी आग्याची झुडपं, वर चिवारी.

आता गुरुवार एकच दिवस कापायला होता. उलांग आणि मी खालून सुरुवात केली. नाबू म्हणाला, "मी वरच्या अंगाने सुरू करतो. रानमेंढ्यांच्या वाटेने वर घुसतो आणि घरापासून खाली येतो. मध्ये भेटू." उलांगने त्याला तिसरी करवत देऊ केली. नाबूने घेतली नाही. "वेळ नाही, तामा."

"खाली काप. घोट्याखाली."

"हो, हो."

संध्याकाळपर्यंत आम्ही दोघांनी चारशे मीटर कापले. माझी बोटं मिटत नव्हती. उजेड जाता जाता नाबू वरून खाली आला, चेहरा ओरखडलेला, खूश. "घर सापडलं. भिंती कमरेएवढ्या उभ्या आहेत. वाट पूर्ण झाली." तीनशे मीटर, एकट्याने, एका दिवसात. पुनीने त्याला भाताचं पहिलं ताट दिलं. उलांगने विचारलं, "कशाने कापलंस?" नाबू म्हणाला, "हाताने." पुनी हसली आणि तो विषय तिथेच राहिला. उलांगने पुन्हा विचारायला हवं होतं. मीही विचारलं नाही.

शुक्रवारी सहाला निघालो. शनिवारी परतीचा रस्ता धरायलाच हवा होता, म्हणजे घर आज किंवा नाही. उजेडात तळावर यायचं तर दोनला मागे फिरायचं, असं उलांगने ठरवलं. आमच्या चारशे मीटरवर पुनी पावणेदोन तासांत चढली. बकऱ्याच्या कातड्याच्या हातांनी फांद्या धरत, मध्येच आग्याच्या पानांना शिव्या देत. मग नाबूने कापलेली वाट सुरू झाली.

उलांग थांबला. समोर सगळा उतार भाल्यांनी भरलेला. गुडघ्याएवढे तिरपे खुंट, ताजे, पांढरी टोकं वर. वाट होती, सरळ होती, भराभर कापलेली होती. चांगल्या हाताचं काम होतं.

"चिना, खाली बस," उलांग म्हणाला.

"काय झालं?"

"बस म्हणतो ना."

नाबू मागून म्हणाला, "तामा, चढताना काही होत नाही. आपण तिला धरून नेऊ."

"आणि उतरताना? गुडघा उतरताना दगा देतो. ती घसरली तर तू तिला कुठे धरणार?"

नाबूने आपलं कापलेलं बघितलं. पहिल्यांदाच खालून बघत असावा.

उलांग गुडघ्यांवर बसला, एका खुंटावर हात ठेवला आणि करवत लावली. लावता लावता, मान वर न करता म्हणाला, "सगळे उजवीकडे झुकलेत. तिआंगचे असते तर डावीकडे झुकले असते."

मी डावखुरा आहे. जंगलात आमच्या टोळीत मी एकटाच डावखुरा होतो. तो खुंट माझा होता हे सत्तावीस वर्षं त्याला माहीत होतं.

मी माझी करवत काढून त्याच्या शेजारी बसलो. वीसेक खुंट झाल्यावर विचारलं, "तेव्हा बोलला का नाहीस?"

"तुझ्या पाठीवर होतो. बोलायला कुठे, ओरडतच होतो."

"नंतर?"

"नंतर तू कापताना खाली वाकायला लागलास. मग काय बोलायचं?"

एवढंच. आम्ही कापत राहिलो.

पंधरा मिनिटं नाबू नुसता उभा होता. मग पुनी म्हणाली, "नाबू, तिआंगचे हात थकलेत. त्याची करवत घे."

"हुदास, मी म्हटलं आपला एक दिवस माझ्यामुळे गेला. तो भरून काढावा..."

"दिवस माझ्यामुळे गेला. स्वप्न तुला पडलं, घरी मी बसवलं. करवत घे."

नाबूने माझ्या हातातून करवत घेतली. पहिल्या दहा खुंटांवर तो कोयत्यासारखी ढकलत होता, पातं वाकत होतं. "ओढ," उलांग म्हणाला. "ढकलू नकोस. ओढताना कापते." नंतर त्याला जमलं. माझ्याहून दुप्पट वेगाने जमलं. मी कात्री घेऊन बारीक काड्यांच्या मागे लागलो. कापलेले तुकडे वाटेवर पडत, आणि गोल तुकडा बुटाखाली लाटण्यासारखा फिरतो. ते उचलून बाजूला टाकायचं काम पुनीने घेतलं. सांगितलं कुणीच नव्हतं. ती बसल्या बसल्या एकेक हात वर सरकत होती आणि तुकडे रानात भिरकावत होती. चौऱ्याहत्तर वर्षांत तिला कुणी रिकामं बसलेलं पाहिलं नव्हतं.

दीड वाजता चाळीस मीटर उरले होते. वर भिंतीचा काळा दगड दिसत होता. उलांगने घड्याळ बघितलं आणि करवत खाली ठेवली.

पुनीने विचारलं, "किती वेळ लागेल?"

"नीट कापायचं तर सव्वा तास."

"तू दोन म्हणाला होतास."

नाबूच्या शर्टातून घाम ठिबकत होता. तो म्हणाला, "तामा, पाठीवर घेतो. चाळीस मीटर. मी नेतो."

"तू घसरलास तर दोघं."

पुनीने जाळीचा चष्मा काढला. वर भिंतीकडे बघितलं. "इथून हाक मारली तर ऐकू जाईल तिला," ती म्हणाली. "आठ वर्षांची होते तेव्हा याहून लांबून मारत होते." हे ती अगदी साधेपणाने म्हणाली, पण तिचा हात चष्म्याच्या पट्ट्याशी चाळा करत होता.

उलांगने उरलेला उतार खालपासून वरपर्यंत नजरेने मोजला. तो कामाचा विचार करत होता, दुसऱ्या कशाचा नाही. मग म्हणाला, "चढताना एका बुटाएवढी पट्टी पुरे. तेवढी कापतो. ती वर असेल तेवढ्यात मी उतरण्यासाठी रुंद करतो. पावणेतीनला निघायचं. त्यापुढे एक मिनिट नाही."

"आणि तू घर कधी बघणार?" मी विचारलं.

"घर कुठे जातंय?"

चाळीस मीटरची अरुंद पट्टी उलांग आणि नाबूने पस्तीस मिनिटांत काढली. आयुष्यात उलांग इतक्या वेगाने कापताना मी बघितला नाही, आणि एकही खुंट उंच राहिला नाही. पुनी त्या पट्टीवरून एकापुढे एक पाऊल टाकत चढली, पुढे नाबू, मागे मी. शेवटच्या टप्प्यावर तिने नाबूचा हात झिडकारला आणि भिंतीचा दगड स्वतः धरला.

छप्पर कधीच गेलं होतं. चुलीच्या जागी मनगटाएवढं झाड. पाटीच्या दगडांवर शेवाळ. पुनी दाराच्या खाचेत उभी राहिली, तोंडाने मोजत पाच पावलं आत गेली, उजवीकडे वळली, आणखी दोन. तिथे खाली बसली. हातमोजे काढले, शेवाळ तळहाताने पुसलं. पिशवीतून राळ्याच्या दारूची बाटली काढली, बोट बुडवून तीन वेळा दगडावर शिंपडली.

ती खूप हळू बोलत होती. मी आणि नाबू भिंतीबाहेर थांबलो. थोडं ऐकू आलं. कोण कोण गेलं, कुणाला किती मुलं झाली, आता भात विजेवर शिजतो. मध्ये एकदा तिने विचारलं, "थंडी वाजते का गं?" आणि उत्तराला थांबल्यासारखी थांबली.

खालून करवतीचा आवाज चालू होता. तीन ओढी, थांबा. तीन ओढी, थांबा.

पुनीने मान वर केली. "उलांग कुठे आहे?"

"खाली, हुदास. वाट रुंद करतोय."

"त्याला बोलव."

नाबूने हाक मारली. खालून उत्तर आलं, "माझं राहिलंय."

पुनी उठली, भिंतीला धरून बाहेर आली आणि उतारावर ओरडली, "करवत ठेव आणि वर ये. आई विचारतेय."

आवाज थांबला. उलांग वर आला, पाय ओढत, पोटऱ्यांपर्यंत भुशाने माखलेला. दाराशी घुटमळला. पुनीने त्याचा हात धरून आत नेलं आणि त्या दगडापाशी उभं केलं.

"हा माझा मुलगा," ती खाली बघून म्हणाली. "याला यायला उशीर झाला. काम करत होता."

उलांगला हात कुठे ठेवावेत कळेना. त्याने मोजे काढले, पुन्हा घातले, पुन्हा काढले.

"बस," पुनी म्हणाली. "अजून बारा मिनिटं आहेत."

"चिना, खालचे दहा मीटर—"

"बस."

तो तिच्या शेजारी पाटीच्या दगडावर बसला. त्याची करवत दाराबाहेर गवतात पडली होती. मी ती उचलली, नाबूने माझी घेतली, आणि आम्ही दोघं खाली उतरून उरलेले दहा मीटर कापायला लागलो.